खोडरबर नसलेला खेळ

“आजोबा, मी तिला मारून टाकलं.”

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेली तेरा वर्षांची नात भरदुपारी माझ्या खुर्चीपाशी येऊन हे बोलली, तेव्हा मी भाऊबीजेच्या जेवणानंतरच्या गुंगीत होतो. पहिल्यांदा वाटलं, पाल असेल. आमच्या जामनेरच्या जुन्या घरात पालींना तोटा नाही. पण पाल मारून आलेल्या मुलीचा चेहरा असा नसतो.

“कोणाला ग?”

“टोरिएलला. ती किती चांगली वागत होती माझ्याशी. तिनं माझ्यासाठी पाय केला होता.”

हा ‘पाय’ म्हणजे सारण भरून भट्टीत भाजलेला विलायती गोड पदार्थ, हे मला मागाहून कळलं. त्या क्षणी मी मुकाट्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. मग उलगडा झाला की प्रकरण लॅपटॉपवरच्या खेळाचं आहे. मी हुश्श केलं आणि अशा वेळी कोणताही आजोबा म्हणेल तेच म्हणालो, “एवढंच ना? मग पुन्हा सुरू कर. या वेळी मारू नकोस.”

ती गेली. मी पुन्हा डोळे मिटले. माझा हा सल्ला तासाभरात माझ्याच अंगावर येणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

खेळाचं नाव ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स नावाच्या अमेरिकन तरुणानं तो जवळजवळ एकट्यानं तयार केला. चित्रांना एका मैत्रिणीची मदत होती, पण कथा, संवाद, संगीत आणि संगणकाची आज्ञावली त्याचीच. २०१३ साली त्यानं लोकांकडे ५ हजार डॉलर वर्गणी मागितली; जमले ५१ हजारांवर. १५ सप्टेंबर २०१५ रोजी खेळ बाजारात आला. दिसायला अगदीच साधा. आपल्या मुलांच्या लहानपणी टीव्हीला जोडून खेळायचे व्हिडिओ गेम असत, तशी चौकोनी ठिपक्यांची चित्रं. इतका साधा, की पहिल्यांदा पाहून मी म्हणालो, “याला पैसे पडतात?”

गोष्ट अशी. फार पूर्वी माणसं आणि राक्षस यांच्यात युद्ध झालं. माणसं जिंकली आणि त्यांनी राक्षसांना एका डोंगराखाली कोंडून टाकलं. पुढे कधीतरी एक मूल त्या डोंगरावरच्या विवरातून खाली पडतं. ते मूल म्हणजे आपण. खाली पहिल्यांदा भेटतं एक हसरं पिवळं फूल, जे गोड बोलून जीव घ्यायला बघतं. त्याच्या तावडीतून सोडवते ती टोरिएल. शेळीसारखं तोंड, लांब कान, अंगात जांभळा झगा, आणि स्वभाव थेट आपल्या आजोळच्या मावशीचा. ती बोट धरून घरी नेते, खोली दाखवते, गोड करून खाऊ घालते. तिचं एकच म्हणणं असतं: बाहेर जाऊ नकोस, इथंच राहा, बाहेर तुला मारतील. पण न गेलं तर खेळ पुढे सरकत नाही. आणि जायचं तर दारात ती स्वतः उभी.

अशी गाठ पडली की पडद्यावर चार बटणं येतात. लढा, काहीतरी करा, वस्तू वापरा आणि चौथं, दया. पत्त्यातल्या बदामासारखा एक छोटा लाल बदाम म्हणजे आपला जीव. समोरून येणारे आगीचे गोळे चुकवत तो हलवायचा. माझ्या नातीनं हिशेब केला की हिला थोडी दमवू, अर्धमेली झाली की सोडून देऊ. इतर खेळांत तसंच चालतं म्हणे. इथं मात्र टोरिएलची ताकद एका हद्दीखाली गेली की पुढचा एकच घाव तिचा जीव घेतो. पोरीला मारायचं नव्हतंच. पण घाव घातला होता तिनंच.

तर माझ्या सल्ल्याप्रमाणे तिनं आधी जपून ठेवलेल्या ठिकाणापासून खेळ पुन्हा उघडला. या वेळी ती फक्त ‘दया’ दाबत राहिली. एकदा, दोनदा, दहादा. टोरिएल ऐकेना. वीस-बावीसदा दाबल्यावर तिचा हात ढिला पडला. (तुमचा जीव थोडा उरला की टोरिएलचे आगीचे गोळे आपणहून तुम्हाला चुकवून बाजूनं जातात, हे नातीनं मला दाखवलं. मारायला उभी आहे, पण मारवत नाही! दहा पानं लिहून जे साधत नाही, ते त्या पोरगेल्या खेळात चार ठिपक्यांच्या दिशा बदलून साधलं होतं.) शेवटी ती मुलाला जवळ घेते आणि जाऊ देते.

नात खुशीत दाराबाहेर पडली. पुढे अंधारात ते पिवळं फूल उभं. ते म्हणालं, तू काय केलंस ते मला माहीत आहे. तू तिला मारलंस. मग तुला वाईट वाटलं, म्हणून तू मागे जाऊन तिला वाचवलंस.

नात लॅपटॉप मिटून माझ्याकडे आली. या वेळी डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. “त्याला कसं कळलं? मी तर पुसलं होतं ते.”

पुढचे दोन-तीन दिवस मी नातीला गुरू करून या विषयाची शिकवणी लावली. निवृत्त माणसाला वेळ असतो, आणि कादंबऱ्या लिहिणाऱ्याला दुसऱ्याच्या गोष्टीत नाक खुपसायची सवय असते.

या जातीच्या खेळांचं मूळ संगणकात नाहीच. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा बैठा खेळ काढला. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकानं एक सोंग घ्यायचं: कोणी योद्धा, कोणी चेटक्या, कोणी चोर. एक जण गोष्ट सांगणार, ‘समोर दरी आहे, काय करता?’ बाकीच्यांनी ठरवायचं आणि फासे टाकायचे. संगणक आले तेव्हा गोष्ट सांगणाऱ्याच्या जागी यंत्र बसलं.

यंत्र बसलं, पण सुरुवातीला त्याला फक्त मारामारी समजत होती. जितके मुडदे पाडाल तितका अनुभव, जितका अनुभव तितकी बढती. मग रिचर्ड गॅरियट नावाच्या माणसाला प्रश्न पडला. त्याच्या ‘अल्टिमा’ या खेळात लोक वीर म्हणून शिरत आणि वाटेतल्या गावकऱ्यांना लुटून, मारून जिंकत. शिवाय रागावलेल्या पालकांची पत्रं येत, ती वेगळीच. म्हणून १९८५ साली त्यानं चौथा भाग काढला, त्यात शेवटी मारायला कोणी महाराक्षसच ठेवला नाही. प्रामाणिकपणा, करुणा, न्याय, त्याग, नम्रता असे आठ सद्गुण अंगी बाणवायचे आणि ‘अवतार’ व्हायचं, एवढंच. शब्द तोच, आपला. दशावतारातला.

या ‘अवतारा’च्या खेळातली एक जागा ऐकून माझ्यातला बँकवाला ताठ बसला. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. ती भाव सांगते आणि म्हणते, पैसे मोजून तूच ठेव. कमी ठेवले तरी माल मिळतो. कोणी ओरडत नाही, शिपाई येत नाही. मात्र आत कुठेतरी तुमच्या प्रामाणिकपणाच्या खात्याला तेवढं नावे पडतं आणि पुढे कधीतरी वाट अडते. खेळाच्या आरंभीही अशीच प्रश्नावली असते. न मोजलेली मोहरांची थैली तुमच्या हाती पोहोचवायला दिली आहे. वाटेत भिकारी भेटतो. विश्वास राखून थैली तशीच द्याल, की कोणाला कळणार नाही म्हणून त्यातलं एक नाणं भिकाऱ्याला द्याल? मी हा प्रश्न आमच्या सकाळच्या कट्ट्यावर टाकला. दोघे निवृत्त मास्तर भिकाऱ्याच्या बाजूनं, मी आणि पोस्टातले एक गृहस्थ थैलीच्या बाजूनं. कांग नदीच्या पुलापर्यंत फिरून परत येईतो वाद मिटला नव्हता.

आता कोणी म्हणेल, यात नवं ते काय? यक्षाच्या तळ्यावर युधिष्ठिरासमोर हाच खेळ मांडला होता. चार भाऊ मरून पडले आहेत, एक जिवंत करतो, कोण हवा ते सांग. भीम? अर्जुन? समोर युद्ध दिसत असताना धर्मराज म्हणतो, नकुल. कुंतीचा एक मुलगा जिवंत आहे, माद्रीचाही एक असावा. या उत्तरावर खूश होऊन यक्ष चौघांनाही उठवतो. पण आपण ती गोष्ट ऐकतो तेव्हा नकुलाचं नाव युधिष्ठिर घेतो, आपण नाही. अर्जुन म्हणून पाहायची सोय श्रोत्याला नाही. या नव्या खेळांत ती आहे, आणि सगळा फरक तिथंच पडतो. दुसऱ्यानं केलेली चूक वाचताना आपण हळहळतो. इथं ‘मी’ मारलेलं असतं.

आपल्याकडे खेळात नीती घालायची कल्पना जुनीच. परंपरा ज्याचं श्रेय ज्ञानदेवांना देते त्या मोक्षपटात शिड्या म्हणजे सद्गुण आणि साप म्हणजे दुर्गुण. पण तिथं कवड्या पडतील तसं चढायचं नि उतरायचं. सापाच्या तोंडी जायचं की नाही हे तुमच्या हाती नाही. आमच्या खानदेशात आखाजीला पत्त्यांचे डाव बसतात, त्यात निदान पान टाकायचं की राखायचं हे तरी आपलं आपण ठरवतो. त्या ठरवण्यापायी कोणाकोणाची दुभती जनावरं गेली ते गाव जाणतं. असो.

महाराष्ट्रात असं काही होतं का, म्हणून चौकशी केली तर पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेचा ‘राजी’ हा खेळ समजला. धाकट्या भावाला असुरांनी पळवलं म्हणून त्याला शोधायला निघालेली डोंबाऱ्याच्या खेळातली मुलगी, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. २०१७ साली त्यांनीही लोकांकडे वर्गणी मागितली, पण लक्ष्य गाठता आलं नाही. संस्थापकांपैकी एकानं राहता फ्लॅट विकून काम चालू ठेवलं आणि २०२० साली खेळ जगभर विकायला आला. कर्ज देणाऱ्या खुर्चीत मी उमेदीची वर्षं काढली आहेत. फ्लॅट विकून खेळ करणाऱ्याचं प्रकरण माझ्यासमोर आलं असतं तर मी काय लिहिलं असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. ‘राजी’ देखणा आहे, पण त्यात वाटा फुटत नाहीत. आमची पाचोरा-जामनेर ‘पीजे’ गाडी होती तसा. ५६ किलोमीटर, अरुंद रूळ, पण एकच. (ती २०२० साली बंद पडली. तिच्याबद्दल पुन्हा कधीतरी.)

वाटा फुटणाऱ्या खेळांचा कारभार आता अवाढव्य झाला आहे. बेल्जियममधल्या एका संस्थेनं २०२३ साली ‘बाल्डर्स गेट’चा तिसरा भाग काढला. त्याच्या शेवटाचे १७ हजार प्रकार आहेत, असं करणाऱ्यांनीच सांगितलं. तुमच्या कित्येक बोलण्यांवर वीस पैलूंचा फासा पडतो. हा खेळ मोठ्यांसाठीचा आहे, हे आजी-आजोबांनी लक्षात ठेवावं; नातवानं मागितला म्हणून आणून देऊ नये.

आणि हे लिहितं कोण, तर आमच्यासारखेच लोक. एस्टोनियातल्या रॉबर्ट कुर्वित्झची कादंबरी २०१३ साली आली आणि जेमतेम हजारभर प्रती खपल्या. आपल्याकडे पहिली आवृत्तीच हजाराची असते, ती संपली तर लेखक पेढे वाटतो. तो मात्र खचला. मग त्याच जगावर त्यानं मित्रांबरोबर ‘डिस्को एलिझियम’ हा खेळ केला. २०१९ साली तो आला आणि जगानं डोक्यावर घेतला. उलट पोलंडचे आंद्रे सापकोव्स्की यांनी आपल्या ‘विचर’ कथांचे खेळाचे हक्क एकरकमी विकून टाकले. नफ्यातला हिस्सा नको म्हणाले, कारण खेळ चालेल यावर विश्वास नव्हता. तो इतका चालला की २०१८ साली त्यांनी ६ कोटी झ्लॉटींची मागणी करणारं पत्र धाडलं आणि पुढच्या वर्षी नवा करार झाला. माझ्या एका कादंबरीवर मालिका काढू म्हणून एक जण आला होता, त्यालाही मी एकरकमीच मागितले होते. तो परत आलाच नाही, त्यामुळे पस्तावायची वेळ आली नाही.

पण नातीचा प्रश्न राहिलाच. फुलाला कसं कळलं?

यंत्राच्या बाजूनं उत्तर सोपं आहे. तुम्ही जिथं खेळ जपून ठेवता ती नोंद वेगळी. खेळ स्वतःपुरती दुसरी एक नोंद ठेवतो आणि ती तुम्ही मागे गेलात तरी पुसली जात नाही. पुण्याला तिच्या बाबानं फोनवर हे समजावलं. तिचं समाधान झालं नाही. मला मात्र एकदम आमची जुनी लेजरं आठवली.

मी तिला ओट्यावर बसवून सांगितलं. बँकेत खोडरबर नसतं. आकडा चुकला तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, अशी की खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे. वर बरोबर आकडा, शेजारी छोटी सही. ब्लेडनं खरवडलेलं दिसलं की तपासणीसाला चोरीचा वास येतो. पुढे संगणक आले तरी रीत तीच. चुकीची नोंद काढत नाहीत, तिच्या उलट दुसरी नोंद करतात. शिल्लक बरोबर येते, पण उतारा काढला की दोन्ही दिसतात.

“म्हणजे टोरिएल वाचली आणि मी तिला मारलं, दोन्ही खरं?”

“उताऱ्यावर दोन्ही दिसणार.”

ती बराच वेळ बोलली नाही.

या खेळाचा शेवट मी तिच्या आधी विचारून घेतला. ज्यांना स्वतः खेळायचं आहे त्यांनी हा परिच्छेद गाळावा. अशा खेळांत अनुभवाचे गुण आणि त्यावरची पातळी यांची दोन इंग्रजी आद्याक्षरं असतात, ती इथंही कोपऱ्यात दिसत राहतात. आपण समजतो, नेहमीचाच अनुभव, नेहमीचीच बढती. शेवटाजवळ एका लांब दालनात सांगाड्याच्या रूपातला एक गमत्या इसम थांबवतो आणि त्या अक्षरांचा अर्थ सांगतो. अनुभव नव्हे, ते होते तुम्ही घेतलेले जीव. पातळी होती तुमच्या हिंसेची. आणि कोणी ठरवून झाडून सगळ्यांना मारलं, तर ते जगच संपतं. दहा मिनिटं पडदा काळा. पुन्हा सुरू करायचं तर आपला आत्मा गहाण नव्हे, विकूनच टाकावा लागतो. त्यानंतर कितीही चांगलं वागून खेळलं तरी त्या गोड शेवटात एक डाग राहतो. उलट एकालाही न मारता हा खेळ पुरा करता येतो. २०१६ साली कोणीतरी व्हॅटिकनला जाऊन पोप फ्रान्सिस यांना तो भेट दिला होता. त्यांनी खेळला की नाही कोणास ठाऊक.

सुटीचा शेवटचा आठवडा. जामनेरला आलेल्या पाहुण्याला अजिंठा दाखवल्याशिवाय परत पाठवायचं नाही, हा आमच्या घराचा नियम आहे. पहूरवरून फर्दापूर, तिथं टी-पॉइंटला गाडी सोडून लेण्यांची बस. सतराव्या लेण्यात चपला बाहेर काढून आत गेलो. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो. षड्दंत हत्तीची कथा तिथं भिंतीवर आहे. सहा सुळ्यांचा हत्तींचा राजा म्हणजे पूर्वजन्मीचा बुद्ध. मागच्या जन्मीचा राग धरून राणी त्याचे सुळे आणायला पारधी पाठवते. बाण लागल्यावर हत्ती पारध्याला एका पायाखाली चिरडू शकला असता. चिरडत नाही. उलट सुळे कापायला मदत करतो. सुळे समोर येतात तेव्हा राणीला ते पाहवत नाहीत, ती कोसळते. मी हे हलक्या आवाजात सांगत होतो. नात भिंतीकडे पाहत म्हणाली, “त्यानं दया दाबलं.” आणि थोड्या वेळानं, “राणीला परत मागे जायचं होतं.”

या भिंतींवरच्या गोष्टी डावीकडून उजवीकडे सरळ वाचता येत नाहीत. जंगलातले प्रसंग जंगलात एकत्र, राजवाड्यातले राजवाड्यात. आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी बसलेलं. डोळा कुठून कुठे न्यायचा ते पाहणाऱ्यानं ठरवायचं. पन्नास वर्षांत कितीदा आलो असेन, पण राणी कोसळते तो भाग मी नेहमी घाईनं ओलांडतो, हे मला त्या दिवशी कळलं.

परतताना पहूरला चहाला थांबलो. तिथं तिनं विचारलं, “आजोबा, तुम्ही बँकेत कोणाला नाही म्हणायचा का?”

“रोज.”

“मग वाईट वाटायचं?”

मी सांगायला नको होतं कदाचित, पण सांगितलं. १९९४ सालची गोष्ट. तालुक्यातल्याच एका शाखेत मी शेतीकर्जं पाहत होतो. पाच एकरवाला एक शेतकरी केळीला ठिबक बसवायचं म्हणून प्रकरण घेऊन आला. विहिरीला पाणी बेताचं, मोकाट पाण्यावर बाग तगेना. माणूस सरळ, मागची बाकी नाही. फक्त सातबाऱ्यावर थोरल्या भावाचंही नाव होतं आणि तो भाऊ सुरतेला गिरणीत. सहीला येतो येतो म्हणत येईना. मार्चअखेर तोंडावर आलेली. मी थांबू शकलो असतो. एप्रिलमध्ये घेऊ म्हणू शकलो असतो. सुरतेला एक पोस्टकार्ड मीच टाकलं असतं तरी कदाचित भागलं असतं. पण पडून राहिलेली प्रकरणं तपासणीत डोळ्यांवर येतात, नाकारलेली येत नाहीत. मी लाल शाईनं ‘नामंजूर’ लिहिलं, तारीख घातली, सही केली. तो म्हणाला, “सायेब, आठ दिस थांबले असते त बरं झालं असतं.” मी पुढची फाइल ओढली.

नियमानं मी चुकलो नव्हतो. त्यानं खाजगीतून पैसे उचलले आणि नळ्या टाकल्या. पुढच्या मे महिन्यात वावटळ आली, घड लागलेली बाग आडवी झाली. दोन एकर विकून त्यानं देणं फेडलं. वाऱ्याचा दोष माझ्याकडे नव्हता. व्याजाचा होता.

पुढे २००९ साली हिवाळ्यात तो मला बाजारात भेटला. मीच तोंड चुकवत होतो. त्यानं हाक मारली आणि रविवारी मळ्यात भरीत खायला बोलावलं. गेलो. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, लाकडी मुसळीनं ठेचली, कांद्याची पात, शेंगदाणे, वर तेलाची धार, कळण्याची भाकरी. त्यानं पहिलं ताट मला वाढलं. “खा न सायेब, लाजता काय?” उरलेल्या तीन एकरांत पुन्हा केळी उभी होती. ठिबकावर. त्यानं जुना विषय काढला नाही. मीही नाही.

नात म्हणाली, “तुम्ही त्यांना सांगितलंत?”

“काय?”

“की तुमच्या लक्षात आहे.”

“नाही.”

“ते आहेत?”

“आहे की. सत्तरीला आला असेल. इथून बारा किलोमीटर.”

तिनं कपातला उरलेला चहा संपवला आणि आम्ही गाडीत बसलो. जामनेर येईपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती.

सुटी संपली, ती पुण्याला गेली. मागच्या रविवारी फोन आला. खेळ पुढे गेला आहे. दोन सांगाडे भाऊ भेटले, त्यातला एक शेवया करून खाऊ घालतो, त्या अगदी वाईट असतात, पण तिनं त्याला दुखवलं नाही. अजून एकालाही मारलेलं नाही.

“आणि तो पाय?”

“पिशवीतच आहे. भूक लागली तरी खाल्ला नाही.” मग जरा थांबून, “तुम्ही गेलात?”

मी सांगितलं, आता थंडी पडली आहे, भरिताची वांगी चांगली यायला लागली आहेत, येत्या आठवड्यात जाईन म्हणतो.

“आजोबा, मागच्या रविवारी पण तुम्ही हेच म्हणालात.”